इंग्रजीखालचा आवाज

“शीला, मागं घे. परत लाव,” चांगुणा म्हणाली.

सुनेनं रिमोट दाबला. टीव्हीवर पुन्हा बदलापूरचा डोंगर, पुन्हा गिधाडं, पुन्हा विष्णुपंत. गिधाडं वाचवणाऱ्या या थोर माणसावरची ही दुसरी फिल्म. पहिलीत चांगुणाच्या नवऱ्याचा, शंकरचा, खांदा तेवढा दिसला होता. या खेपेला तो चक्क बोलत होता, इस्त्रीच्या शर्टात. तो गेला त्याच्या आदल्याच हिवाळ्यात हे शूटिंग झालं होतं.

“आमची चांगुणा म्हनायची...” एवढं ऐकू आलं, आणि त्याच्यावर कुणाचा तरी गुळगुळीत इंग्रजी आवाज चढून बसला. शंकरचे ओठ नुसते हलत राहिले.

जन्मभर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं’, नाहीतर ‘विक्रांतची आई’. नाव घेतलं ते कॅमेऱ्यासमोर.

आपण काय म्हणायचो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विष्णुपंतांच्या गिधाडांसाठी शंकर मेलेली गुरं ओढून डोंगराखाली टाकायचा. “छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तुमच्या बापानं हेच काम सोडलं. तुम्ही परत धरलं,” असं ती त्याला सुनावायची. तो हात धुऊन गपचूप जेवायला बसायचा. त्या गप्प बसण्याचा तिला अजून राग होता. उत्तर होतं तर ते कॅमेऱ्याला दिलं, मला का नाही दिलं?

“इंग्लिशमध्ये काय सांगतोय गं तो?”

“साहेबांनी आम्हाला पक्ष्यांवर प्रेम करायला शिकवलं. बस, एवढंच, आई.”

“एवढा वेळ तोंड हलतंय, नि एवढंच?”

मुलानं, विक्रांतनं, शंकरचा मूळ आवाज मागायला फिल्मवाल्यांना फोन केला. मूळ टेपवर त्यांनी दुसरं शूटिंग करून टाकलं होतं. मग तो सीडी घेऊन उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या ओळखीच्या सिंधी कॅसेट-सीडीच्या दुकानदाराकडे गेला, इंग्रजी आवाज काढून मिळतो का बघायला. चांगुणाही हट्टानं सोबत गेली. दुकानदारानं हेडफोन लावून बराच वेळ बटणं फिरवली.

“मावशी, दोनो आवाज मिक्स हो गये. इंग्लिशवाला कमी केला, तर काकापण कमी होतात.”

“मग ह्यांना मोठं करा.”

“मग तो पण मोठा होतो, मावशी.”

तिनं सीडी मागून घेतली आणि पिशवीत टाकली.

घरी आल्यावर तिनं शीलाकडून थांबवायचं बटण तेवढं शिकून घेतलं आणि टीव्हीसमोर पाट ओढून बसली.

“आमची चांगुणा म्हनायची...”

तिनं बटण दाबलं. शंकर अर्धवट उघड्या तोंडानं तिच्याकडे बघत राहिला.

“ऐकतेय मी,” ती म्हणाली. “बोला.”