काळी कोर

तिने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, खोलीतला दिवा घालवला आणि मगच पडद्याकडे पाहिलं. यीस्टच्या पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. प्रत्येकीचं केंद्रक हिरवं उजळलं होतं, पण त्याच्या एका कडेला नखाच्या तुकड्यासारखी कोर काळीच राहिली होती.

"अजून तशीच?" मागून तात्याने विचारलं. तात्या तिच्याच वयाचा संशोधक; सारखा उपदेश करतो म्हणून प्रयोगशाळेने त्याला हे नाव दिलं होतं.

"तशीच."

ती कोर म्हणजे केंद्रिका. पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं तिथे घडतात, आणि त्यांना नीट घडवायला आरएनए व प्रथिनांची छोटी छोटी जुडगी तिथे राबत असतात. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तरुणपणी एक प्रथिन शोधलं होतं. ते पेशीतून काढून घेतलं की ही जुडगी बनतच नसत. तेव्हा ते जुडग्याचाच भाग असणार, असं बाईंनी धरलं आणि चित्र काढलं : आरएनएचा वळसा आणि त्याला बिलगून बसलेलं ते प्रथिन. चित्र पाठ्यपुस्तकांत गेलं. तिचा प्रबंधही त्याच चित्रावर उभा होता. आता तिने त्या प्रथिनाला हिरवी चमक जोडली, तर ते केंद्रकभर दिसत होतं. जिथे असायला हवं, नेमकं तिथेच नव्हतं.

"आज बोलू नकोस," तात्या म्हणाला. "दुपारी बाईंचं निरोपाचं भाषण. दुधात मिठाचा खडा कशाला? सोमवारी सांग."

"सोमवारी त्या निवृत्त झालेल्या असतील."

"तेच तर म्हणतोय."

दार ढकलून बाईच आत आल्या. ठेवणीतले कपडे, हातात भाषणाचे कागद, चेहरा त्रासलेला.

"माझा चष्मा राहिलाय का गं इथे?"

"कपाळावर आहे, बाई."

"घ्या! काखेत कळसा." बाईंनी चष्मा खाली ओढला आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"हे आपलं प्रथिन?"

"हो."

"चमक दुसऱ्या टोकाला जोडून बघितलीस?"

"बघितली. असंच दिसतं."

"पेशी वाढतात नीट?"

"अगदी नीट. म्हणजे प्रथिन आपलं काम करतंय."

बाईंचं बोट त्या काळ्या कोरेवरून फिरलं, काचेला न टेकता. "कधी कळलं?"

"महिना होत आला."

"आणि महिनाभर पोटात ठेवलंस?"

तिने मान खाली घातली. तात्याला एकाएकी कोपऱ्यातल्या काचेच्या बाटल्या धुवायची आठवण झाली.

बाई स्टुलावर बसल्या. कडक इस्त्री चुरगळली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "म्हणजे ते जुडगं बांधायला मदत करतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि केंद्रिकेत जायच्या आधी बाजूला होतं." मग एकदम वर पाहत, "पण त्याला बाजूला कोण करतं?"

"ठाऊक नाही, बाई."

"मलाही नाही!"

तो आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. एखाद्या लहान मुलीला बंद पेटी सापडावी, तसा.

दुपारी सभागृह भरलं. भाषणात ते चित्र आलं तेव्हा बाई थांबल्या.

"हे चित्र मी काढलंय. ते चुकलंय."

लोक हसले. बाईंनी हसू ओसरू दिलं.

"विनोद नव्हता हा. सकाळीच मला दाखवलं गेलं. दाखवणाऱ्या बाई मागे डोकं खाली घालून बसल्यात."

माना वळल्या. पुढच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली. तिचे कान तापले. वर बघायचं धैर्य झालं, तोवर बाई पुढच्या चित्रावर गेल्या होत्या.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या दारावर टकटक झाली. तिथे कुणी दार वाजवून येत नसे. तिने उघडलं. बाहेर बाई, साध्या कपड्यांत. किल्ली त्यांनी कार्यालयात परत केली होती.

"आत येऊ का?"

"बाई, विचारताय काय!"

बाईंच्या टेबलावर तात्याने खोकी रचून ठेवली होती. तो धावत खोकी उचलायला लागला.

"राहू दे रे. मला एक स्टूल पुरे." बाईंनी ते ओढून तिच्या टेबलाशी आणलं आणि बाह्या वर सारल्या. "बोल, आज काय करायचंय?"

हे आजवर रोज तीच विचारायची. तिने खण उघडला, खोका पुढे सरकवला.

"आधी हातमोजे घाला, बाई."