स्वतःची सही

“काका, सगळं भरून झालंय. फक्त तुमची सही राहिली.” मालकीणबाईंनी कागद पुढे सरकवला.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत बॉयलर घुमत होता. काकांनी हात पुसले, चष्मा लावला. एकवीस वर्षं ते या बॉयलरवर होते. दरवर्षी सरकारी साहेब यायचे, इकडे तिकडे ठोकून बघायचे आणि शिक्का मारून जायचे. यंदापासून नियम बदलला होता. साहेब येणार नव्हते. बॉयलर ठीक आहे, असं मालकाने आणि बॉयलर चालवणाऱ्याने स्वतःच लिहून द्यायचं होतं.

“सुटलो बाई एकदाचे,” मालकीणबाई म्हणाल्या. “मागच्या वर्षी पाटीचा रंग चुकला म्हणून अकरा दिवस कुलूप होतं, आठवतं ना?”

काकांना आठवत होतं. तेव्हा साहेबांना सगळ्यात जास्त शिव्या त्यांनीच घातल्या होत्या. पण पाचव्या ओळीवर त्यांचं बोट अडलं. ‘वाफेचा दाब सातवर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो.’

“बाई, हा अडकतोय. गेल्या आठवड्यात सात ओलांडलं तरी उघडला नाही. मी बर्नर बंद केला म्हणून निभावलं. तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला.”

“नवीन मागवलाय मी. यायला नऊ दिवस लागतील. तोवर हॉस्पिटलच्या चादरी कोण धुणार? पलीकडच्या लाँड्रीवाल्याने परवाच सही करून टाकली. साहेब तरी कुठे व्हॉल्व्हला हात लावायचे?”

“नव्हते लावत. पण सही त्यांची असायची.”

“उद्या सकाळपर्यंत द्या,” एवढंच बोलून त्या गेल्या.

काकांनी कागद घरी नेला. जेवताना सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, “करून टाका हो बाबा. इतकी वर्षं काही झालं नाही, नऊ दिवसांत काय होणार आहे?”

सून त्याच लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर होती. टेबल आणि बॉयलर यांच्यामध्ये एकच भिंत. भाजी वाढता वाढता तिने सहज विचारलं, “बाबा, मग मी उद्या जाऊ ना कामावर?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

सकाळी मालकीणबाई आल्या तेव्हा बॉयलर थंड होता. त्यांचा पारा चढला. “हॉस्पिटलची गाडी दारात उभी आहे, काका! हे काय चालवलंय तुम्ही?”

“पेटवतो. पण तुम्ही इथे, माझ्या शेजारी उभ्या राहा.” त्यांनी भिंतीपलीकडच्या बायकांना अंगणात जायला सांगितलं आणि बर्नर सुरू केला.

काटा चढू लागला. पाच. सहा. काकांचा हात बटणावर होता. सात. व्हॉल्व्ह गप्प. काटा लाल रेघेच्या पुढे सरकला. मालकीणबाईंनी पदर तोंडाशी नेला.

“बंद करा! बंद करा, काका!”

त्यांनी बटण दाबलं. काटा हळूहळू खाली यायला लागला. मग मालकीणबाई बाहेर गेल्या आणि गाडीवाल्याला चादरी परत न्यायला सांगितलं.

नऊ दिवसांनी व्हॉल्व्ह आला. सातवर उघडला, वाफ फुसकन छताला लागली. काकांनी पाचव्या ओळीपुढे सही केली. तोवर हॉस्पिटलचं काम पलीकडच्या लाँड्रीकडे गेलं होतं, कायमचं. दोन बायका कमी कराव्या लागल्या. मालकीणबाईंनी सगळ्यांत शेवटी कामाला लागलेल्या दोघींची नावं सांगितली. त्यांत सून होती. सांगताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही.

“माझं काही म्हणणं नाही, बाई,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका निघाले, तेव्हा सवयीने सूनही चपला घालून दारापर्यंत आली. उंबऱ्यावर थबकली. मग हळूच चपला काढून तिने भिंतीकडेला नीट लावल्या आणि आत गेली.