पडदेवालीचा खांदा

"अहो बाई, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते मी!" घरमालकीण पार घाबरली होती.

"नको नको, साधी गाडी बघा. माझा डॉक्टर माझ्या घरीच आहे, वरच्या मजल्यावर."

पडदेवाली स्टुलावरून उतरून भिंतीला टेकली होती. दांडी अडकवायला हात वर केला आणि उजवा खांदा पुन्हा निखळला. गेली कित्येक वर्षं त्याचं हे असंच. लहर आली की निघायचा. एकदा तर झोपेत नुसती कूस बदलताना. पडदा अर्धा दांडीला, अर्धा जमिनीवर लोळत होता.

वरच्या मजल्यावरचा डॉक्टर म्हणजे तिची थोरली जाऊ. हाडांच्या वॉर्डात आया म्हणून तिने जन्म काढलेला. दोघींत विस्तव जात नव्हता. सासूच्या शेवटच्या आजारात, जागरणांनी डोकं फिरलेलं असताना, धाकटी बोलून गेली होती, "परक्यांचं सगळं हौसेने करता, तिथे पगार मिळतो ना! इथे कोण देणार?" थोरलीने तेव्हापासून बोलणंच टाकलं. एकाच जिन्याच्या घरात दोघी परक्या झाल्या. फक्त खांदा निखळला की धाकटी जिना चढायची, पायाने दार ठोठावायची आणि थोरली उघडायची.

आजही थोरलीने तिला पलंगावर आडवं केलं. काखेत आपली लहानशी उशी दिली आणि मनगट धरून हात हळूहळू ओढायला लागली.

"अंग सोड. लाकडासारखी ताठलीस काय?"

मग नेहमीसारखा प्रश्न. वॉर्डात शिकलेली युक्ती होती ती. उत्तराच्या नादात माणूस सैल पडतो, तेवढ्यात हिसका द्यायचा. धाकटीला युक्ती ठाऊक होती, तरी दर वेळी ती मनापासून उत्तर द्यायची. दोघींचं बोलणं काय ते तेवढंच, आणि तेही किंकाळीने तुटलेलं.

"कुठल्या रंगाचा लावत होतीस?"

"मोरपंखी. त्याला खालून रुंद... आई गं!"

खांदा बसला नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. थोरली आपला अंगठा चोळत थांबली. तिच्या बोटांच्या पेरांना गाठी आल्या होत्या. दुसऱ्या खेपेला मात्र कट् करून बसला.

"डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात," दारात रेंगाळत धाकटी म्हणाली.

"मग कर की! मी काय जन्मभर पुरणार आहे तुला?" आणि दार लागलं.

खाली नवरा वैतागला होता. "खोबण झिजलीय, उद्या नस गेली तर हात लुळा पडेल, हे ऐकलंस ना? दोनदा तारीख पुढे ढकललीस. भीती कसली वाटते तुला?"

"भुलीची," ती म्हणाली. ते खोटं होतं. खांदा एकदा पक्का झाला की वरचा जिना कोणत्या निमित्ताने चढायचा, हे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार? पण अंगठा चोळत थांबलेली थोरली तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"घ्या तारीख," ती म्हणाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आली तेव्हा हात गळ्यात बांधलेला आणि उशांच्या उतरंडीला टेकून बसायचं, एवढाच उद्योग. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. थोरली खाली आली होती. हातात तीच लहानशी उशी.

"ही हाताखाली घे. लोंबकळत ठेवू नकोस," ती उभ्यानेच म्हणाली. उशी नीट सरकवून झाली, तरी गेली नाही. खिडकीकडे बघत म्हणाली, "कुठल्या रंगाचा म्हणालीस तो पडदा?"

सवयीने धाकटीने डोळे घट्ट मिटले. पायाची बोटं आखडली. "मोरपंखी," ती म्हणाली आणि थांबली. हिसका बसला नाही. तिने डोळे उघडले. "त्याला खालून रुंद पांढरी पट्टी. आणि पट्टीच्या वर बारीक चुण्या, हाताने घातलेल्या."

"पांढरी? लगेच मळणार. मळखाऊ रंग घ्यायचास."

"त्या घरमालकिणीलाच हवी होती, जाऊबाई. मी सांगून दमले."

"हं," थोरली म्हणाली.

धाकटीने पाय जवळ ओढून घेतले. पलंगाच्या कडेला जागा झाली.

थोरली बसली. "किती चुण्या घालतेस मीटरला?" तिने विचारलं.