कसरीने खाल्लेली देवयानी

“कूर्चोंडी, कूर्चोंडी,” म्हणत ह्यांनी स्वतःची खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात निम्मं कानडी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी आई आली की तिला ‘या’ म्हणून नुसतं ‘बर्री’ म्हणावं, एवढं कानडी ह्यांच्या जिभेवर कधी चढलं नाही. आणि राजेश्वरीनं उंबऱ्यात चपला काढल्या न काढल्या तोच ‘बसा’ म्हणायला ह्यांना तिच्या घरचं तेलुगू फुटलं.

राजेश्वरी एका चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढते. भिंतीवर टांगायच्या कापडातले मोर, हत्ती, रथ सगळे तिच्या हातचे. म्हाताऱ्या आईला घेऊन एकटीच राहते. हे भूगोलाचे निवृत्त मास्तर. ह्यांच्या आकाशदर्शन मंडळाचं प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये भरायचं होतं. जुन्या पुस्तकातली तारकासमूहांची चित्रं मोठ्या कापडावर उतरवून देणारं कुणीतरी हवं होतं, ती ही सापडली.

त्या पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं, कारण माझी पहिली सवत तीच. लग्नानंतर आम्ही पुण्याला गेलो होतो. सारसबाग बघू म्हणून बाहेर पडलो आणि हे फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगापाशी उकिडवे बसले ते बसलेच. विलायती पुस्तक, शे-दोनशे वर्षांपूर्वी छापलेलं. जाड पिवळी पानं आणि पानापानावर ताऱ्यांच्या ठिपक्यांभोवती कोरून काढलेली चित्रं. सोटा उगारलेला शिकारी, लांब शेपटीचं अस्वल, निम्मी बकरी आणि निम्मा मासा. परतीच्या एसटीत खिडकीतून थंडगार वारा येत होता आणि माझी शाल त्या पुस्तकाला गुंडाळलेली होती. घरी आल्यावर ह्यांनी नियम केला, की हात धुऊन पुसल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही. मी मग शिवलेच नाही.

राजेश्वरीनं तळहात पदराला पुसले आणि सरळ पान उलटलं. ह्यांना नियम आठवला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, दोन्ही हात चौकटीला लावून.

“सर, ही खुर्चीवर बसलेली कोण?”

“शर्मिष्ठा. आकाशात उत्तरेला दिसते.”

“आणि ही साखळ्यांनी बांधलेली?” हे मी विचारलं, दारातून.

“ती देवयानी.”

“म्हणजे लग्नाची बायको साखळीत आणि दुसरी सिंहासनावर?”

हे हसले. “अगं, परदेशी गोष्टीत ह्या मायलेकी आहेत. पोरीला खडकाला बांधलंय. चित्रं त्यांची, नावं आपली.”

“नावं ठेवणारा पुरुषच असणार,” मी म्हणाले. राजेश्वरी खळखळून हसली. तिनं हसावं म्हणून मी बोलले नव्हते. आत जाऊन मी चहाचं पातेलं ओट्यावर आपटलं, त्यात डाव्या हातातली एक बांगडी वाढली.

देवयानीचा चेहरा कसरीनं खाल्ला होता. गळ्याच्या वर नुसतं भोक आणि भोकातून मागच्या पानावरचा मासा दिसायचा. हे म्हणाले, “चेहरा तुम्ही तुमच्या मनानं काढा, राजेश्वरीबाई. तुमच्यावर सोडलं.” लोणच्यात मीठ किती घालायचं हेसुद्धा ज्यांनी कधी माझ्यावर सोडलं नाही, ते हे! मला तेव्हाच कळलं, ही बाई स्वतःचं तोंड तिथं बसवणार. दिसायला बरी आहे, नाक सरळ आहे, का नाही बसवणार?

मग रोज दुपारचा तोच प्रकार. कारखान्याची पाळी संपवून ती यायची. बैठकीत निळं कापड अंथरलेलं, ती गुडघ्यांवर बसून खडूनं रेघ ओढतेय आणि हे पट्टी धरून समोर बसलेत. ह्यांचे गुडघे दुखतात. मी देवघरातली समई उचलून द्या म्हटलं तरी दुखतात. तिथं मात्र दुखायचे नाहीत. मी दारात उभी असायची, दोन्ही हात चौकटीला. कामं पडलेली असायची, पण पाय निघायचा नाही.

पहिले काही दिवस मी तिला पाहुण्यांच्या कपात चहा दिला. मग टवका उडालेल्या कपात देऊ लागले. मग साखर कमी केली.

“वहिनी, चहा लई छान करताय तुमी,” ती म्हणाली. “आमच्याकडं सगळे नुसता गोड पाक करतात की.”

काय करावं अशा बाईला?

खरं दुखलं ते वेगळंच. मंडळाची माणसं मंगळवेढ्याच्या रस्त्याला माळावर तारे बघायला जातात, तेव्हा विजेरीला लाल कागद लावायचं काम माझं असतं. पांढऱ्या उजेडानं डोळे दिपले की बारीक तारे दिसत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्यायची मीच. मला ताऱ्यांतलं फार कळत नाही, पण ह्यांनी अंधारात हात पुढे केला की विजेरी त्या हातात असायची, मागावी लागायची नाही. एवढंच माझं आकाश होतं. आणि त्या आठवड्यात हे म्हणाले, “या खेपेला तू राहा. गाडीत जागा नाही. राजेश्वरीबाईंना खरी देवयानी एकदा दाखवायला हवी.”

भाकरी मी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी विजेरी टेबलावर दिसली. लाल कागद रबर लावून नीट ताणून बसवला होता, एक सुरकुती नाही. मी आपली नुसता दुमडून धरायची. ते रबर काढून मी कचऱ्यात टाकलं, मग कागदही टाकला.

चित्रं होत आली तसं हे मला म्हणाले, “तारे तू लाव.” चंदेरी टिकल्या आणि गोंदाची बाटली माझ्या हातात आली. बिनतोंडाच्या देवयानीच्या खांद्यावर, कमरेवर, पावलावर मी टिकल्या चिकटवल्या. चेहरा राजेश्वरी शेवटी घरी काढणार होती. जाताना कापडाची गुंडाळी काखेत मारून म्हणाली, “वहिनी, यायचं हं बघायला. तुमी आला न्हाई तर मला वाईट वाटंल.”

प्रदर्शनाला मी गेले ती तोंड बघायलाच. जांभळी साडी नेसले. आमच्याकडे कामाला येणारी केराबाई म्हणाली, “काकू, म्या बी येते की,” म्हणून तिलाही घेतलं. हॉलमध्ये बरीच माणसं होती आणि हे काठी घेऊन एकेक चित्र समजावत होते. शिकारी झाला, अस्वल झालं. सिंहासनावरच्या शर्मिष्ठेचं तोंड पुस्तकातल्यासारखंच होतं, गोबरं, परकं. मग मी पुढे झाले.

देवयानीच्या अंगामागे खडक होता, पण दोन्ही बाजूंना सरळ उभा, दाराच्या चौकटीसारखा. हात दोन्हीकडे पसरलेले. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी थोडी वर, आणि डोळे समोर काहीतरी चाललंय त्यावर खिळलेले. मनगटांत साखळ्या नव्हत्या, हिरव्या बांगड्या होत्या. उजव्या हातात दोन. डाव्या हातात एक.

मी डावा हात पदराखाली घेतला.

राजेश्वरी कोपऱ्यात उभी होती. माझ्याकडे बघून ती हसली नाही. नुसती मान हलवली. मला तिचा जितका हेवा वाटला, तितका त्या सगळ्या दुपारी मिळूनही वाटला नव्हता. तिच्या नाकाचा नव्हे, ह्यांच्या तेलुगूचाही नव्हे. गुडघ्यांवर बसून, खाली मान घालून ती काम करत होती, आणि तिनं मला पाहिलं होतं.

“साखळी राहिली की हो, राजेश्वरीबाई,” हे काठी थांबवून म्हणाले.

“राहिली न्हाई सर. सोडली.”

“असो. चेहरा मात्र यांनी संपूर्ण कल्पनेनं काढलाय,” हे लोकांना सांगू लागले. “मूळ पानावर तो नाहीच.”

“कसली कल्पना ओ!” केराबाई मागून ओरडली. “ह्या आमच्या काकू की! स्वैपाकघराच्या दारात अशाच हुब्या असत्यात रोज. बघा की, बांगड्या बी त्याच हायेत!”

माणसं वळली. कुणी माझ्याकडे बघितलं, कुणी चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एक बाई हळूच “अय्या, खरंच” म्हणाली. ह्यांनी चष्मा वर केला, कापडाजवळ जाऊन बारकाईनं पाहिलं, मान तिरपी करून पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण लग्नात अंतरपाट दूर व्हायची जशी वाट बघितली होती, तशीच बघत होते.

“छे,” हे म्हणाले. “काहीतरीच. ही देवयानी आहे.”

मग काठीचं टोक त्यांनी माझ्या खांद्याजवळून पुढे नेलं आणि शाळेत पोरांना सांगायचे त्या आवाजात म्हणाले, “अगं, जरा बाजूला हो. तुझ्यामुळे लोकांना देवयानी दिसत नाहीये.”

मी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि तिथेच उभी राहिले.