चार चिपा, एकच अभंग

शाहनवाजनं स्क्रू काढून गाणी वाजवायच्या डब्याचं झाकण उचललं, तसं सगळं भजनी मंडळ त्यावर वाकलं. पिंपरी पेंढारच्या देवळात भर दुपारी माणसं टाळ बाजूला ठेवून चिपा बघत होती, हेही नवलच.

जानकूनाना तेवढे खांबाला टेकून बसले होते. उभा जन्म त्यांनी बुवांच्या मागं झील धरण्यात घालवला होता. पण यंदा आवाज खरखरायला लागला, आणि भजनाचं रेकॉर्डिंग करायचं ठरल्यावर गोरखबुवांनी सांगून टाकलं, “नाना, तुमी नुसते टाळ वाजवा.” नानांना ते लई लागलं होतं.

“मोबाईलमधी गाणं म्हंजी नुसते आकडे,” जुन्नरहून आलेला शाहनवाज सांगत होता. “त्या आकड्यांचा आवाज करती ती ही चिप. डॅक म्हणत्यात तिला.”

“मग चार कशाला?” गोरखबुवांनी विचारलं. “एकीनं भागत न्हाई व्हय?”

“भागतं, पण एकटी जरा खरखरती. चौघींना एकच अभंग दिला, की सूर एकच निघतो, खरखर मात्र जिची तिची न्यारी. सगळं एकत्र केलं, की सूर वाढतो आन् खरखर मागं पडती.”

“म्हंजी पाचामुखी परमेश्वर,” नाना खांबापासून बोलले.

“तसंच, नाना. हितं तोंडं चारच हायेत एवढंच.”

सगळे हसले. शाहनवाजनं सकाळी घेतलेलं रेकॉर्डिंग त्या डब्यातून लावलं. आवाज इतका लख्ख, की वरच्या पट्टीत गोरखबुवांचा सूर घसरला तो अख्ख्या मंडळाला ऐकू गेला. कुणी पखवाजाकडं पाहिलं, कुणी छताकडं.

“डब्यातच कायतरी खोट हाय,” बुवा म्हणाले.

“व्हय, अंगणच वाकडं,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

बुवांनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मान खाली घालून ऐकला. मग शेजारची सतरंजी हातानं झटकली.

“नाना, हितं माझ्यापाशी या. वर चढताना सोबत लागती मला.”

“आन् माझी खरखर?”

“माझीबी हाय की. दोघांची न्यारी हाय, भागंल.”

नाना घसा खाकरत उठले आणि बुवांच्या मांडीला मांडी लावून बसले.