उलटे वेढे

आमच्या घरात लाडका एकच, धाकटा. मी थोरला, पण नावालाच. बाबांची भाषा सरकारी, आईची सीमेपलीकडची. बाबा गेले तेव्हा धाकटा तान्हा होता. त्याला आईने मांडीवर घेऊन स्वतःची भाषा शिकवली. माझ्याशी मात्र कायम बाबांच्या भाषेत. दोघं स्वयंपाकघरात खिदळायची आणि मी दारात आलो की गप्प. "काय झालं?" विचारलं तर आई म्हणायची, "काही नाही रे, तू जेव." जेव काय जेव! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पुढे सरकारने आईच्या भाषेवर बंदी घातली. त्या भाषेत छापणाऱ्याला थेट तुरुंग. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. आता तरी दोघं माझ्याशी बोलतील. कसलं काय! दोघं कुजबुजायला लागली.

आम्ही दोघे भाऊ एकाच छापखान्यात जुळारी. धाकट्याला काम मीच शिकवलं. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून झाले की पान विस्कटू नये म्हणून भोवती दोरा आवळतात. आम्ही सगळे उजवीकडे वेढे घालतो. धाकटा डावखुरा, त्याचे वेढे उलटे. नुसता दोरा बघून मालक सांगायचे, पान कुणाचं ते.

एका सकाळी फौजदार आला. जप्त केलेलं, दोऱ्याने बांधलेलं खिळ्यांचं एक पान त्याने टेबलावर ठेवलं. खिळे आईच्या भाषेतले.

"कोणी जुळवलं?"

सगळे आपापल्या खिळ्यांकडे वळले. धाकटा कागद आणायला गेला होता. मी वेढे पाहिले. उलटे! म्हणजे एवढं सगळं चाललंय आणि मला पत्ता नाही? मी काय घरात भाडेकरू आहे?

"डावखुऱ्याचं आहे," मी बोलून गेलो. लगेच जीभ चावली, पण फौजदाराने ऐकलं होतं.

धाकट्याला दारातच धरलं आणि झडतीसाठी आम्हाला घरी नेलं. फौजदाराने आईपुढे पान ठेवलं. "तुमच्या थोरल्याने ओळखलं."

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "धाकट्याला सोडा. हे मी बांधलंय."

"बांधून दाखवा."

तिने दोरा घेतला आणि डाव्या हाताने भराभर वेढे घातले. उलटे, घट्ट. मी शिकवलेलं काम धाकट्याने तिला शिकवलं होतं. आणि ती मला कुठल्या हाताने वाढते, हे मी इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं.

फौजदाराने दोघांनाही उठवलं. शिपायाने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"त्याला आमची भाषा येत नाही," आई म्हणाली. "मुद्दामच नाही शिकवली. एक तरी पोर बाहेर राहावं म्हणून."

गाडीत चढताना ती वळली आणि माझ्याशी एक वाक्य बोलली. तिच्या भाषेत, आयुष्यात पहिल्यांदा. धाकट्याला ते कळलं, तो रडायला लागला. शिवी होती की आशीर्वाद, कोण जाणे. मला सांगू शकणारी दोघंही गाडीत बसली होती.