कोनशिलेची मागची बाजू

चिंचवड स्टेशनजवळची ‘हिंदुराव चेंबर्स’ पुढच्या आठवड्यात पडणार होती. चारच मजले, पण एकेकाळी तिची लिफ्ट बघायला पुनावळ्याहून माणसं यायची आणि काहीही काम नसताना वरखाली करून घरी जायची. निरोपाच्या कार्यक्रमात इमारतीचा इतिहास मालक जयसिंगराव वाचणार होते. तो त्यांनीच लिहिला होता, त्यामुळे चांगलाच गुळगुळीत झाला होता.

त्यात कोंडीरामचं नाव नव्हतं. आणि कोंडीराम पहिल्या रांगेत येऊन बसला होता.

१९७९ साली पाया वर आल्याशिवाय बँक कर्जाचा पैसा सोडेना, आणि जयसिंगरावांचे वडील हिंदुराव यांचा खिसा रिकामा. तेव्हा त्यांचा मित्र कोंडीराम याने, कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची चार बोटं गेल्याची भरपाई मिळाली होती, ती सगळीच्या सगळी आणून दिली. पाया त्यातून भरला. हिंदुरावांनी पैसे पुढे व्याजासकट फेडले, कोनशिलेवर दोघांची नावं कोरायला सांगितली आणि नेमके आजारी पडले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तेवीस वर्षांच्या जयसिंगने ती शिला पाहिली. कोंडीरामचं आडनाव वाचून बडे पाहुणे नाकं मुरडतील, अशी त्याला धास्ती वाटली. त्याने पाथरवटाकडून दगड उलटा करून घेतला, कोऱ्या बाजूवर एकट्या वडिलांचं नाव घातलं आणि दोन नावांची बाजू भिंतीकडे गेली. हिंदुरावांनी नंतर पाहिलं, पण तेही गप्प बसले.

आता उद्या पाडकामवाले ती शिला काढणार होते. त्याआधी आपल्या तोंडून सांगायला हवं, म्हणून जयसिंगराव कोंडीरामशेजारी जाऊन बसले.

“काका, त्या कोनशिलेच्या मागं...”

“माझं नाव हाय. ठाव हाय मला.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायचं कशाला? बसवताना गडी कमी पडला, तवा एका बाजूनं मीच धरला व्हता दगूड.”

जयसिंगरावांना शरमेने मान वर करवेना. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तुमी बोलाल म्हून थांबलो. दर साली भेटाय येत व्हतो, ते उगं न्हाई.”

तेवढ्यात माइकवर नाव पुकारलं गेलं. जयसिंगरावांनी कागद खिशात घातले, कोंडीरामचं नाव आडनावासकट घेतलं आणि पाया कुणाच्या पैशाने भरला ते सांगितलं. दगड मीच उलटा केला, हे वाक्य मात्र ओठांपर्यंत येऊन मागे फिरलं. उद्या दगड निघाला की दोष वडिलांवर जाईल, आणि गेलेले वडील काही सांगायला येणार नाहीत, असा विचारही मनात येऊन गेला. त्याची त्यांना स्वतःलाच किळस आली.

केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, म्हणत लोकांनी जयसिंगरावांसाठी टाळ्यांचा कडकडाट केला. कोंडीरामही बोटं नसलेल्या तळव्यावर डावा हात आपटत होता. मग टाळ्या संपल्या, लोक चहाकडे वळले. कोंडीराम जयसिंगरावांकडे बघत अजून थांबलाच होता.